दुखण्याची खतावणी: डॅनबिओ, बारा वर्षांच्या वापरानंतर

लोक हॉटेलांचे रिव्ह्यू लिहितात, एअर फ्रायरचे लिहितात, मंगल कार्यालयांचेही लिहितात. मी एका नोंदवहीचा लिहितेय. तिचं नाव डॅनबिओ. डेन्मार्कमधल्या संधिवाताच्या रुग्णांची ही देशव्यापी नोंदवही २००० साली सुरू झाली. तेव्हा तिच्यात महागडी जैविक औषधं (जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली) घेणारेच असत. पुढं साधी औषधं घेणारेही आले. २०१३ पासून तिच्यात माझंही एक पान आहे.

मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आमच्या भिगवणकडं याला ‘वात’ म्हणतात, आणि गुडघेदुखीपासून टाचदुखीपर्यंत सगळं त्याच एका शब्दात कोंबतात. पण हा प्रकार वेगळा. यात शरीराचा राखणदारच घरच्यांवर काठी उगारतो. सांध्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, वर्षानुवर्षं मुरते आणि शेवटी हाडं कुरतडते. मी पेशानं अकाउंटंट, दुसऱ्यांच्या वह्या तपासून पोट भरणारी. तेव्हा आपलं दुखणं ज्या वहीत चढतं ती कशी लिहिली जाते, हे बघायची खोड लागणारच होती.

दवाखान्यात गेलं की आधी कोपऱ्यातल्या टचस्क्रीनसमोर उभं राहायचं. आता हे घरूनही भरता येतं, पण माझी सुरुवात त्या कोपऱ्यात झाली. पिवळ्या आरोग्यकार्डावरचा दहा आकडी सीपीआर क्रमांक टाकायचा. (सीपीआर म्हणजे ओळख क्रमांक आणि सीआरपी म्हणजे रक्तातली सूज दाखवणारी तपासणी. पहिलं वर्षभर मी नर्सला ‘माझा सीपीआर वाढलाय का?’ असं विचारत होते, आणि ती बिचारी हसू दाबून ‘नाही’ म्हणायची.) मग तीन पट्ट्या येतात: वेदना, थकवा, एकूण तब्येत. प्रत्येक पट्टी ० ते १००. आपण कुठं आहोत तिथं बोट ठेवायचं.

इथंच मी माती खाल्ली. डॅनिश तेव्हा जेमतेम येत होतं. दोन्ही टोकांना काय लिहिलंय ते नीट वाचलं नाही. आपलं सगळं आयुष्य मार्कांत गेलेलं, शंभराच्या जवळ म्हणजे उत्तमच असणार! त्या दिवशी मला बरं वाटत होतं, म्हणून ‘एकूण तब्येत’ला मी उदार मनानं ८५ दिले. पट्टी उलटी होती. शंभर म्हणजे कल्पना करवणार नाही इतकं वाईट. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली, सूज फारशी नाही, रक्त चांगलं, आणि स्क्रीनवर मात्र मी जवळजवळ मरायला टेकलेली. त्यांनी विचारलं, घरी काही झालंय का? मी म्हटलं, छे, आज तर मजेत आहे. मग दोघींच्या लक्षात आलं. त्या दिवसाचा आकडा दुरुस्त झाला. त्याआधीच्या दोन भेटींचे तसेच राहिले असावेत. देशाच्या आकडेवारीत कुठंतरी एक बाई आहे, जी मजेत असताना कण्हते.

पट्ट्यांनंतर प्रश्नावली. तिला ‘हॅक’ म्हणतात. ही १९८० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला तयार झाली आणि जगभर वापरली जाते. वीस प्रश्न, उत्तरं ० ते ३: त्रास होत नाही, थोडा होतो, खूप होतो, जमतच नाही. दुधाचं नवं खोकं उघडता येतं का? मांस कापता येतं का? टबमध्ये बसून अंघोळ करता येते का? गाडीत बसता-उतरता येतं का?

मी शाकाहारी आहे. आमच्या फ्लॅटमध्ये टब नाही. मी सायकलवरून फिरते. हे प्रश्न माझ्या घरचा पत्ता चुकून आलेल्या पाहुण्यासारखे वाटतात. मला विचारा ना: कणीक मळता येते का? तिसऱ्या पोळीनंतर मनगट काय म्हणतं? नारळ खवता येतो का? मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का? माझा आजार पहिल्यांदा मला पोळपाटावर कळला. लाटणं धरायला अंगठा वळेना. टचस्क्रीनवर त्याला जागाच नव्हती. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी या प्रश्नावलीचं भारतीय रूप २००२ मध्येच केलंय, त्यात उकिडवं बसणं आणि मांडी घालणं आहे. इथं ते कुणी मला देणार नाही, आणि खरं सांगायचं तर देऊही नये. एका वहीत दोन मापं चालत नाहीत, हे माझ्याशिवाय कोणाला पटणार?

मग आत जायचं. डॉक्टर २८ सांधे दाबून बघतात: किती दुखरे, किती सुजलेले. त्यात सीआरपी आणि तुम्ही दिलेली पट्टी मिसळून एक आकडा निघतो, डॅस-२८. २.६ च्या खाली म्हणजे आजार निवलेला, ५.१ च्या वर म्हणजे भडकलेला. त्या २८ मध्ये खांदे, कोपरं, मनगटं, बोटं, गुडघे आहेत. पावलं नाहीत. माझं अर्धं दुखणं चवड्यात आहे. सकाळी पलंगावरून उतरलं की खडीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं, आणि त्याच दिवशी माझा डॅस २.३ असू शकतो. ‘तू निवलेली आहेस,’ बाई म्हणतात. (इथं डॉक्टर रुग्णाला ‘तू’ आणि रुग्ण डॉक्टरलाही ‘तू’. पहिले सहा महिने माझी जीभ अडखळायची.) मी बूट काढून पाय पुढं करते. त्या बघतात, चवडा दाबतात, स्वतःच्या नोंदीत लिहितात. पण तो आकडा काही हलत नाही. हा दोष एकट्या डॅनबिओचा नव्हे, मापाचाच आहे आणि जगभर आहे. मी मात्र अर्धा तारा इथंच कापला.

आता जमेची बाजू. बाई मॉनिटर माझ्याकडं वळवतात. त्यावर माझा आलेख असतो, बारा वर्षांचा. कुठं औषध सुरू झालं, कुठं वाढवलं, कुठं मी पडले, कुठं उठले. २०१४ च्या हिवाळ्यातला उंचवटा मला अजून ओळखता येतो. तेव्हा मुलाच्या जॅकेटची चेनसुद्धा लावता येत नव्हती. आईच्या घरी अशा गोष्टी ‘तुझ्या बारशाच्या वेळी’, ‘दुष्काळाच्या साली’ अशा आठवायच्या. इथं तारीख असते. या एका पडद्यासाठी मी त्या कंटाळवाण्या वीस प्रश्नांना दर वेळी इमानदारीनं उत्तरं देते. बरं, अगदी इमानदारीनं नाही. खूप बरं आहे असं लिहिलं तर औषध कमी करतील, या भीतीनं मी कधीकधी पाच-दहा आकडे वर ढकललेत. हे इथल्या मैत्रिणींशी बोलले, तर त्यातल्या दोघींनी तेच कबूल केलं.

पण वहीची खरी किंमत मला २०१४ मध्येच कळली होती. मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या औषधानं भागेना, तेव्हा सूज भडकवणारा टीएनएफ नावाचा रेणू अडवणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं. बाईंनी विचारलं, तुझ्या घरात कुणाला क्षय झाला होता का? झाला होता. आजोबांना. त्यांचं अंथरूण पडवीत असायचं आणि त्यांचं ताट-तांब्या वेगळा. आम्ही पोरं तरीही त्यांच्याच मांडीवर. क्वांटिफेरॉन नावाची रक्ततपासणी झाली, पॉझिटिव्ह आली. जंतू माझ्यात होते, झोपलेले.

टीएनएफ हाच रेणू त्या झोपलेल्या जंतूंभोवतीची भिंत टिकवून धरतो. तो अडवला की भिंत ढासळू शकते. औषधं बाजारात आली तेव्हा हे पुरतं कुणाला ठाऊक नव्हतं. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं औषध घेतलेल्या ७० जणांच्या क्षयाची माहिती छापून आली. स्पेनच्या बायोबॅडासर या नोंदवहीलाही क्षयाचे रुग्ण दिसू लागले. २००२ मध्ये तिथं सांगितलं गेलं की औषधाआधी तपासा, झोपलेला क्षय असेल तर आधी त्याचं औषध द्या. त्यानंतर नोंदवहीतला क्षयाचा दर ७८ टक्क्यांनी घटला. ब्रिटनच्या नोंदवहीनं २०१० मध्ये अशा तीन औषधांची तुलना करून आणखी पुढचं दाखवलं: एक लाख रुग्ण-वर्षांमागे (एक रुग्ण वर्षभर औषधावर, म्हणजे एक रुग्ण-वर्ष) अ‍ॅडॅलिम्युमॅबवर १४४ जणांना क्षय झाला, इन्फ्लिक्सिमॅबवर १३६ जणांना, आणि एटॅनरसेप्टवर ३९ जणांना. आणि त्यातच एक ओळ: गोऱ्या नसलेल्या रुग्णांत हा धोका सहापट.

ती ओळ माझ्याबद्दल आहे. माझ्या आजोबांच्या पडवीबद्दल आहे. क्षय हा इतका विरळा दुष्परिणाम की काही शे लोकांच्या चाचणीत एखाद-दुसरा दिसला तरी योगायोग म्हणून सोडून देतील. हजारो लोकांची वर्षानुवर्षांची वही असेल तरच तो डोळ्यांत भरतो, आणि कोणत्या औषधावर जास्त, कोणावर कमी, हेही कळतं. मला आधी आयसोनियाझिड या क्षयावरच्या औषधाचा कोर्स दिला, जोडीला बी-६ ची गोळी, आणि मग तिन्हींतलं एटॅनरसेप्ट निवडलं. बाईंनी कारण सांगितलं ते याच आकड्यांचं. मँचेस्टरहून चालणाऱ्या त्या वहीत कुणी अनोळखी देशी माणसं, कदाचित लेस्टरची, कदाचित ब्रॅडफर्डची, आजारी पडली म्हणून मी पडले नाही.

दोन वर्षांनी फेड करायची पाळी माझी आली. २०१६ च्या वसंतात नर्सनं फोन करून सांगितलं, तुझं इंजेक्शन बदलतंय. तेच एटॅनरसेप्ट, पण मूळ कंपनीचं नव्हे, त्याच्यासारखं, स्वस्त. बायोसिमिलर. बनवणारी कंपनी सॅमसंग बायोएपिस. मी नवऱ्याला म्हटलं, टीव्ही सॅमसंगचा, फोन सॅमसंगचा, आता गुडघेही सॅमसंगचे. हसलो, पण मला राग आला होता. मला कुणी विचारलं नव्हतं. देशानं राष्ट्रीय पातळीवर ठरवलं होतं: ५० मिलिग्रॅमचं एटॅनरसेप्ट घेणाऱ्या सगळ्यांना बदला. औषध फुकट मिळतं तेव्हा कुठलं मिळावं हे सांगायचा हक्क आपल्याला किती, हा वाद आमच्या घरात आठवडाभर चालला. नवरा सरकारी बाजूनं होता. त्याचे सांधे ठणठणीत आहेत.

पहिले तीन आठवडे मला सगळं दुखलं. बोटं, खांदा, जबडासुद्धा. सीआरपी केलं, काही नाही. सूज मोजली, काही नाही. नर्स शांतपणे म्हणाली, अजून तीन आठवडे थांबू या का? थांबले. दुखणं आलं तसं गेलं. आपल्याकडं म्हणतात ना, मन चिंती ते वैरी न चिंती. वैद्यकात त्याला नोसिबो म्हणतात.

२०१९ मध्ये या सक्तीच्या बदलाचा हिशेब प्रसिद्ध झाला. बेंटे ग्लिन्टबोर्ग, मेरेटे लुंड हेटलंड आणि सहकाऱ्यांनी तो डॅनबिओच्या नोंदींवरून मांडला. एकूण २०६१ रुग्ण. १६२१ बदलले, ४४० जुन्यावर राहिले. त्या १६२१ मधली एक मी! तो निबंध मी रात्री बारापर्यंत वाचला. ऑडिट रिपोर्टात आपलंच नाव शोधावं तसा. वर्षभरानंतर औषध चालू असलेले किती? बदललेल्यांत ८३ टक्के. न बदललेल्यांत ७७. आणि बदलाचा प्रश्नच नव्हता अशा आधीच्या काळातल्या रुग्णांत ९०. बदललेल्यांतले सुमारे ७ टक्के पुन्हा मूळ औषधावर गेले.

आता बघा, आकड्यांशी कसं सांभाळून वागावं लागतं. ७७ पेक्षा ८३ मोठा, म्हणून सॅमसंगचं औषध जास्त चांगलं? मुळीच नाही. जुन्यावर राहिलेले लोक वेगळेच होते. कुणी २५ मिलिग्रॅमच्या डोसवर, कुणाचा आजार आधीच अस्वस्थ, कुणाच्या डॉक्टरांना हात लावायची भीती वाटलेली. मग ९० पेक्षा ८३ कमी, म्हणजे औषध वाईट? तसंही नाही. आधीच्या रुग्णांना ‘तुमचं औषध बदललंय’ असा फोन कुणी केला नव्हता. माझ्यासारख्या किती जणींचा जबडा त्या फोननं दुखला असेल, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? निबंधातलं मला सगळ्यात पटलेलं वाक्य वेगळंच होतं: बदलाच्या वेळी ज्यांचा आजार निवलेला होता ते जास्त टिकले, ज्यांचा नव्हता ते जास्त गळाले, आणि हे दोन्ही गटांत सारखंच.

यावर उतारा म्हणून शेजारच्या नॉर्वेची नॉर-स्विच चाचणी वाचावी. तिथं इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ४८२ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं, एकाला मूळ औषध, दुसऱ्याला बायोसिमिलर, आणि कोणाला काय मिळतंय हे कोणालाच कळू दिलं नाही. वर्षभरात आजार बळावला तो जुन्यावर २६ टक्क्यांचा, नव्यावर ३० टक्क्यांचा. फरक आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत. चिठ्ठ्यांमुळे दोन्ही पारडी सारखी होतात. ही ताकद वहीत नाही. पण चाचणीत सगळ्यांना घेत नाहीत. म्हातारे, मूत्रपिंडाचे, आधीच चार औषधं घेणारे वगळतात. जर्मनीच्या रॅबिट नोंदवहीनं मोजून पाहिलं होतं: आपल्या रुग्णांपैकी मोठ्या चाचण्यांच्या अटींत बसले असते ते २१ ते ३३ टक्के. बाकीच्यांचं काय होतं ते फक्त वही सांगते. पैशाची बाजूही मी सांगून टाकते: २०१८ च्या शेवटी अ‍ॅडॅलिम्युमॅबचे बायोसिमिलर आले तेव्हा डेन्मार्कचा त्या औषधावरचा खर्च तीन महिन्यांत ८० टक्क्यांहून जास्त उतरला. माझा राग तेव्हा बराचसा ओसरला. सगळा नाही.

वहीला नसलेली माहिती मात्र मला ठाऊक आहे. २०१७ मध्ये पाच आठवडे भारतात गेले होते. बर्फाची पिशवी मुंबई ते भिगवण गाडीत वितळली, मे महिना, डब्यातली इंजेक्शनं कोमट झाली, मी ती टाकून दिली. तीन आठवडे औषध नाही. परत आल्यावर लाजेनं बोलले नाही. वहीत मी अखंड उपचारावर आहे. एका बाईच्या तीन आठवड्यांनी देशाचा आकडा बिघडत नाही, पण असे किती तीन-तीन आठवडे असतील?

सीपीआर क्रमांकाबद्दल थोडं बोलायलाच हवं. १९६८ पासून इथं प्रत्येकाला तो आहे. त्याच्यामुळे डॅनबिओ, १९७७ पासूनची इस्पितळांची नोंद, औषधाच्या दुकानांतली विक्री, १९४३ पासूनची कॅन्सरची नोंद, सगळं एकमेकांशी जुळवता येतं. किर्द-खतावणीचा असा बिनचूक ताळमेळ मी माझ्या धंद्यात पाहिलेला नाही. या औषधांनी कॅन्सर वाढतो का, हा प्रश्न असाच तपासला गेला, आणि एकंदरीत कॅन्सर वाढलेला दिसला नाही. मला पहिलं इंजेक्शन देताना नर्सनं हेच सांगून माझा हात सैल केला होता. पण अशा संशोधनासाठी माझी वेगळी सही कुणी मागितली नाही. कायद्यानं मागावी लागत नाही. नाव-क्रमांक झाकून काम करतात, हे मला माहीत आहे, तरी माझ्या आयुष्याच्या इतक्या चाव्या एकाच जुडग्यात आहेत हे आठवलं की मी जरा सरसावून बसते. उरलेला अर्धा तारा त्यासाठी.

बारामतीच्या मावशीलाही हाच आजार आहे. तिची वही म्हणजे कापडाच्या दुकानाची एक कॅरीबॅग: एक्स-रे, पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आणि कुणीतरी दिलेल्या पांढऱ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. त्या स्टिरॉइडच्या होत्या हे मला पाकिटावरून कळलं. मी तिला फोनवर माझ्या आलेखाचं सांगत होते.

“म्हणजे तुझं दुखणं ते मांडून ठेवतात?”

“हो मावशी. सगळ्यांचं.”

“आणि त्याचं करतात काय?”

मी तिला क्षयाचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अगं, आपल्याकडंबी आलती की अशी मानसं. तुझी बारावी झाली त्या साली. आईला लई विचारत बसली होती.”

मला आठवलं. १९९६. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या कॉपकॉर्ड या सांधेदुखीच्या पाहणीची माणसं भिगवणात घरोघर फिरत होती. ४०९२ प्रौढांना त्यांनी विचारलं. आमच्या ओट्यावर बसून एकानं माणसाच्या आकृतीचा कागद आजीपुढं धरला होता: आजी, कुठं दुखतं तिथं बोट ठेवा. आजीनं गुडघ्यावर ठेवलं, कमरेवर ठेवलं, मग दोन्ही पावलांवर ठेवलं, आणि त्यानं तिन्हीकडं खुणा केल्या. मला तेव्हा हसू आलं होतं. त्या कागदाला पावलं होती.

पाचपैकी चार तारे. इथं नव्यानं आलेल्या मराठी मंडळींना तीन गोष्टी सांगते: पट्टीची टोकं वाचा, घरी कुणाला क्षय झाला असेल तर न लाजता सांगा, आणि बूट-मोजे काढूनच तपासणीच्या टेबलावर बसा. माझी पुढची भेट मंगळवारी आहे, फॉर्म येऊन पडलाय. दुधाचं नवं खोकं उघडता येतं का? थोडा त्रास होतो. एक.